मद्यपान आणि शरीराचे मौन

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



कोणत्याही संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा जसा आनंदाचा असतो, तसाच आत्मपरीक्षणाचाही असतो. या मंगल प्रसंगी ‘मद्यपानाने शरीराची होणारी हानी’ हा विषय विश्वस्त मंडळाने निवडला, याबद्दल मी त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. उत्सवाच्या मांडवात असा विषय ठेवण्यास धैर्य लागते.

सप्तव्यसनांत मद्याची गणना होते, हे पाठशाळेत जाणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक आहे. आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात मद्याचा विचार अहिंसेच्या विवेचनातच केला आहे. मग ज्या समाजाच्या आचारधर्मात मद्यत्याग पहिल्या पायरीवर आहे, त्या समाजासमोर हे व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न कुणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपणा सर्वांना मनोमन माहीत आहे. व्यवसायानिमित्तच्या मेजवान्या, लग्नाच्या आदल्या रात्रीची मित्रमंडळींची बैठक, शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या मुलांची वसतिगृहे, या वाटांनी हा विषय आपल्या उंबरठ्याच्या आत आला आहे. तो आला आहे, परंतु त्याविषयी बोलले जात नाही.

आज मला दोन मौनांविषयी बोलायचे आहे. एक शरीराचे मौन आणि दुसरे घराचे मौन. मद्य शरीराची हानी करते, तेव्हा शरीर दीर्घकाळ तक्रार करत नाही. आणि शरीर तक्रार करू लागते, तेव्हा घर ती तक्रार झाकून ठेवते. या दोन मौनांच्या मध्ये अनेक माणसे हकनाक जातात.

अति म्हणजे किती?

‘मी अति पीत नाही’ असे बहुतेक पिणारे सांगतात. म्हणून प्रथम मोजमाप पाहू. मद्यातील घातक द्रव्य म्हणजे इथेनॉल. आपल्याकडील व्हिस्की, रम आदी मद्यांत त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे 42.8 टक्के असते. तीस मिलिलिटरच्या एका लहान पेगमधून सुमारे 10 ग्रॅम इथेनॉल शरीरात जाते. ज्याला बोलीभाषेत ‘क्वार्टर’ म्हणतात, त्या 180 मिलिलिटरच्या बाटलीत ते सुमारे 60 ग्रॅम असते. एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून अधिक इथेनॉल घेणे याला जागतिक आरोग्य संघटना ‘अतिरेकी मद्यपान’ मानते. म्हणजे ज्याला मित्रमंडळी ‘एकच क्वार्टर’ म्हणतात, ती पहिल्याच बैठकीत अतिरेकाची रेषा गाठते.

बिअर म्हणजे दारू नव्हे, असाही एक गोड गैरसमज तरुणांमध्ये आढळतो. आठ टक्के तीव्रतेच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे 40 ग्रॅम इथेनॉल असते. ती एक बाटली म्हणजे चार लहान पेग. महागड्या मद्याने कमी अपाय होतो, हेही खरे नाही. बाटली विदेशी असो वा देशी, यकृताच्या पेशीपर्यंत पोहोचणारे इथेनॉल तेच असते. पोटभर जेवून किंवा तुपाचे पदार्थ खाऊन पिण्याने ते रक्तात थोडे सावकाश मिसळते. परंतु जेवढे प्यायले तेवढे सर्व यकृताला निस्तरावेच लागते.

यकृताचे मूक कष्ट

अन्नाला पचनाचे संस्कार लागतात. इथेनॉलला ते लागत नाहीत. त्याचा सुमारे पाचवा हिस्सा जठरातून आणि उरलेला लहान आतड्यातून थेट रक्तात शोषला जातो. फुफ्फुसे, मूत्र आणि घाम यांवाटे अत्यल्प भाग बाहेर पडतो. नव्वद टक्क्यांहून अधिक भाराची विल्हेवाट शरीरालाच लावावी लागते आणि ते काम मुख्यतः सुमारे दीड किलो वजनाचे आपले यकृत करते.

यकृत प्रथम इथेनॉलचे ॲसिटाल्डिहाइडमध्ये आणि नंतर त्याचे ॲसिटेटमध्ये रूपांतर करते. यातील मधला पदार्थ, ॲसिटाल्डिहाइड, हा इथेनॉलपेक्षाही अधिक विषारी आहे. या कामाचा वेग ठरलेला असतो. ताशी साधारण सात ते दहा ग्रॅम इथेनॉल यकृत हाताळू शकते. रात्री दहा वाजता क्वार्टर संपवणाऱ्या माणसाचे यकृत पहाटे चार-पाच वाजेपर्यंत, प्रसंगी त्यानंतरही, त्याच कामात गुंतलेले असते. थंड पाण्याची अंघोळ, काळी कॉफी, लिंबूपाणी यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

या कामात गुंतलेले यकृत आपली इतर कर्तव्ये मागे टाकते. स्निग्ध पदार्थांचे ज्वलन मंदावते आणि चरबी यकृताच्या पेशींमध्येच साठू लागते. उपाशीपोटी शरीराला साखर पुरवण्याचे कामही खंडित होते. म्हणूनच मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने न जेवता मद्यपान केले, तर मध्यरात्री त्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घरातील माणसे ‘प्यायला आहे, झोपू द्या’ असे म्हणून दार लावून घेतात, आणि ती झोप प्रत्यक्षात बेशुद्धी असू शकते.

नियमित अतिमद्यपान करणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींच्या यकृतात चरबी साठते. ही पहिली अवस्था. या अवस्थेत माणूस कामाला जातो, जेवतो, व्यायामही करतो. त्याला काहीही दुखत नाही. दुसरी अवस्था यकृतदाहाची. भूक मरते, ताप येतो, डोळे पिवळे होतात. आपल्याकडे अशा वेळी काविळीची माळ घालण्याची आणि झाडपाल्याचे औषध देण्याची प्रथा आहे. त्यात मौल्यवान दिवस निघून जातात. मद्यजन्य यकृतदाह तीव्र असेल तर काही आठवड्यांत मृत्यू ओढवू शकतो. तिसरी अवस्था सिरॉसिसची. पेशी मरतात, त्यांच्या जागी तंतुमय व्रण निर्माण होतात आणि मऊ यकृत कठीण व गाठीगाठीचे बनते.

सिरॉसिसचे परिणाम यकृतापुरते राहत नाहीत. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला कठीण यकृतातून वाट मिळेनाशी होते, तेव्हा ते आडवाटेने अन्ननलिकेच्या शिरांत शिरते. त्या शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटून रक्ताची उलटी होते. पोटात पाणी साठते, त्याला आपण जलोदर म्हणतो. रक्तातील अमोनियासारखी द्रव्ये गाळली न गेल्याने ती मेंदूपर्यंत पोहोचतात. मग दिवसा झोप आणि रात्री जागरण सुरू होते, हात थरथरतात, हस्ताक्षर बिघडते आणि धनादेशावरील स्वतःचीच सही जुळत नाही. जखमेतून रक्त लवकर थांबत नाही, कारण रक्त गोठवणारी प्रथिने यकृतच तयार करते.

स्त्रियांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते, त्यामुळे तेवढ्याच मद्याने रक्तातील पातळी अधिक वाढते आणि यकृताची हानी कमी मात्रेत व कमी वर्षांत होते. गर्भवतीने घेतलेले मद्य नाळेतून बाळापर्यंत पोहोचते व त्याच्या मेंदूच्या वाढीवर आयुष्यभराचा परिणाम करू शकते.

‘मला चढत नाही’

या विषयातील सर्वांत फसवे वाक्य कोणते, असे विचारले तर मी हेच सांगेन: ‘मला चढत नाही.’ हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते. वैद्यकाच्या दृष्टीने ते रोगाचे लक्षण आहे.

मेंदूत उत्तेजन देणारी आणि शमन करणारी अशा दोन प्रकारची रासायनिक द्रव्ये समतोल राखून असतात. मद्य शमन वाढवते आणि उत्तेजन दाबते. त्यातून सैलपणा, गुंगी येते. रोज हाच प्रकार घडू लागला की समतोल टिकवण्यासाठी मेंदू स्वतःमध्ये उलटा बदल करून घेतो. यकृतही मद्य जाळण्याची एक पर्यायी यंत्रणा अधिक जोमाने चालवू लागते. परिणामी पूर्वी दोन पेगने येणारी गुंगी आता चार पेगने येते. माणसाला वाटते की आपण मद्य जिंकले. प्रत्यक्षात मेंदू आता मद्य गृहीत धरून चालू लागलेला असतो, आणि यकृतावर दुप्पट भार पडत असतो. न चढणाऱ्या मद्याची हानी मात्र पूर्णपणे होते.

यकृताच्या त्या पर्यायी यंत्रणेमुळे आणखी एक धोका संभवतो. अंगदुखीवर सर्रास घेतली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी नित्य मद्यपान करणाऱ्याच्या शरीरात अधिक प्रमाणात विषारी रूप धारण करू शकते. रात्रीच्या मद्याने सकाळी डोके दुखते म्हणून या गोळ्या मनाने घेत राहणे धोक्याचे आहे.

पुढे एक दिवस असा येतो की क्वार्टर पचवणारा तोच माणूस एका पेगने डळमळू लागतो. तेव्हा मित्र म्हणतात, ‘वय झाले.’ अनेकदा ती यकृत हरल्याची खूण असते.

रक्ततपासणीवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. एसजीओटी, एसजीपीटी यांचे आकडे सामान्य असतानाही सिरॉसिस असू शकतो. अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणजे पिण्याचा परवाना मिळाला, असा अर्थ कृपया काढू नये.

यकृतापलीकडे

मद्य जेथे जेथे रक्त जाते तेथे तेथे जाते, म्हणून हानीही सर्वव्यापी आहे. स्वादुपिंडाला सूज येऊन पोटात पाठीपर्यंत जाणारी असह्य वेदना उठते. वारंवार असे घडल्यास मधुमेह जडतो. रक्तदाब वाढतो. हृदयाचे स्नायू ताणून दुबळे होतात आणि ठोक्यांची लय बिघडते. क्षयरोगाचा धोका अतिमद्यपान करणाऱ्यांत सुमारे तिपटीने वाढतो. आपल्या देशात ही बाब क्षुल्लक नव्हे.

मेंदूची कथा अधिक करुण आहे. अखंड धान्य व कडधान्यांतून मिळणारे थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-1, मेंदूला अत्यावश्यक असते. क्वार्टरमधून सुमारे 420 कॅलरी मिळतात, म्हणजे जवळजवळ चार पोळ्यांइतकी ऊर्जा. परंतु तिच्यात ना प्रथिन, ना जीवनसत्त्व. भूक भागल्यासारखी वाटते, ताट तसेच राहते आणि आतड्यांची थायमिन शोषण्याची शक्तीही मद्यामुळे घटते. मग डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, चाल लटपटणे आणि भ्रम होणे, अशी लक्षणे दिसतात. कार्ल वेर्निके यांनी 1881 मध्ये या विकाराचे वर्णन केले. वेळीच उपचार न झाल्यास स्मृती कायमची जाते. रुग्णाला तरुणपणीच्या गोष्टी आठवतात, पण सकाळी भेटून गेलेली मुलगी आठवत नाही. सर्गेई कोर्साकॉव्ह या रशियन वैद्याचे नाव या अवस्थेला दिले गेले आहे.

कर्करोगाविषयी समाजात पुरेशी जाणीव नाही. तंबाखूचे नाव घेताच आपल्याला कर्करोग आठवतो. मद्याचे नाव घेताच आठवत नाही. वास्तविक आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याचा समावेश कर्करोगजनक पदार्थांच्या पहिल्या गटात केला, ज्या गटात तंबाखूही आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्तन यांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध सिद्ध झाला आहे. तंबाखू आणि मद्य एकत्र आले की तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की, आरोग्यास सुरक्षित म्हणावी अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही. ‘थोडे घेतले तर हृदयाला चांगले’ हे वाक्य ज्यांनी जपून ठेवले आहे, त्यांनी याची नोंद घ्यावी. याच संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2019 या एका वर्षात जगात मद्यामुळे 26 लाख माणसे मृत्युमुखी पडली.

घराचे मौन

आता दुसऱ्या मौनाकडे वळतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, आपल्या देशात सुमारे 16 कोटी व्यक्ती मद्य घेतात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास व्यक्तींना मद्याच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. या संख्येत सर्व जाती-धर्मांची, सर्व आर्थिक स्तरांची माणसे आहेत.

ज्या घरात मद्य ही उघड गोष्ट आहे, तेथील पत्नी डॉक्टरांना सरळ सांगते, ‘हे रोज घेतात.’ ज्या घरात मद्य हे कुलाला लांछन मानले जाते, तेथे मात्र डॉक्टरांनी विचारले तरी उत्तर येते, ‘छे छे, आमच्यात चालत नाही.’ या उत्तराची किंमत किती असते, ते ऐका.

समजा, रोज पिणारा एक गृहस्थ अपघातात पाय मोडून रुग्णालयात दाखल झाला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु दाखल झाल्यापासून मद्य बंद आहे, आणि हे डॉक्टरांना माहीत नाही. मद्य गृहीत धरून चालणाऱ्या मेंदूचा आधार अचानक काढला गेला आहे. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान तो बरळू लागतो, भिंतीवर किडे दिसतात असे म्हणतो, नळ्या उपसतो, ताप चढतो, नाडी धावू लागते. या अवस्थेला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास ती प्राणघातक ठरू शकते. आधी माहिती असती तर योग्य औषधे व थायमिन देऊन हे संकट बहुतांशी टाळता आले असते. असे प्रसंग रुग्णालयांना नवे नाहीत. तेथे पायाने दगा दिला नव्हता. घराच्या प्रतिष्ठेने दगा दिला होता.

यातून एक व्यावहारिक सूचना निघते, ती कृपया लक्षात ठेवावी. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाला पर्वाच्या दिवशी शपथ घालून, खोलीत कोंडून, एकाएकी मद्य बंद करायला लावू नये. त्याचा संकल्प वंदनीय आहे, पण तो वैद्यकीय देखरेखीखाली पार पाडावा. व्रत आणि वैद्य यांत विरोध नाही.

परतीची वाट

इतके भयावह चित्र रंगवून मी आपल्याला निराश करू इच्छित नाही. यकृत हा अत्यंत क्षमाशील अवयव आहे. मद्य पूर्णपणे थांबवल्यास पहिल्या अवस्थेतील चरबी बहुधा काही आठवड्यांत उतरते. सिरॉसिस झाल्यावरही जे थांबतात, ते न थांबणाऱ्यांपेक्षा अधिक जगतात. शेवटचा उपाय यकृत प्रत्यारोपणाचा. आपल्या देशात बहुसंख्य प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात, आणि तो दाता बहुधा घरचाच असतो, पत्नी किंवा मुलगा. बापाच्या बाटलीचा हिशेब मुलाच्या शरीरावर व्रण उठवून चुकता करावा लागावा, यासारखे दुःख नाही.

मद्यासक्ती हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने असंख्य कुटुंबांना पुन्हा उभे केले आहे. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या सभा आपल्याकडेही भरतात. तेथे कोणी आडनाव विचारत नाही आणि शुल्क घेत नाही. शासनाच्या 14446 या क्रमांकावर निःशुल्क मार्गदर्शन मिळते.

विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे. ट्रस्टच्या वतीने वैद्यकीय शिबिरे होतात, त्यांत मधुमेह व रक्तदाब यांबरोबर मद्याविषयीही प्रश्न विचारला जावा. तो एकांतात विचारला जावा आणि उत्तर देणाऱ्याचे नाव त्या खोलीबाहेर जाऊ नये. आणि आपण सर्वांनी घरी एवढे करावे: मुलगा उशिरा घरी आला, त्याच्या तोंडाला वास आला, तर त्या रात्री रागावू नये, दुसऱ्या दिवशी शांतपणे जवळ बसवून त्याच्याशी बोलावे. ज्याला घरात खरे बोलता येते, त्याला डॉक्टरांकडेही खरे बोलता येते.

शरीर बोलू लागण्याची वाट पाहू नका. काही दुखत नाही, अहवाल बरे आहेत, धंदा व्यवस्थित चालू आहे, हीच थांबण्याची सर्वांत योग्य वेळ आहे. कारण या वेळी केलेला त्याग शरीर पूर्णपणे परत करते. पुढे उशीर होत जातो, तसे ते थोडेथोडेच परत करते आणि शेवटी काहीच नाही.